एनडीआयएसच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये ‘आम्ही सांभाळून घेतो’ असे का म्हणू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मेलबर्नच्या पश्चिम भागात राहता. मुलगा अकरा वर्षांचा आहे. स्वमग्नता आणि जोडीला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. सध्याचा एनडीआयएस (दिव्यांग व्यक्तींना लागणाऱ्या मदतीचा खर्च देणारी ऑस्ट्रेलियातील सरकारी योजना) प्लॅन संपत आला असून पुनर्मूल्यांकनाची मीटिंग तीन आठवड्यांवर आली आहे. मागच्या वेळी फंडिंग कमी झाले, ते का झाले हे कोणी नीट सांगितले नाही. तुम्ही दोघेही नोकरी करता, मोठी मुलगी इयर नाइनमध्ये आहे आणि गेले चार महिने सासूबाई पुण्याहून येऊन राहिल्या आहेत. कोणती कागदपत्रे न्यावीत, काय बोलावे, असे विचारून शेवटी तुम्ही लिहिले आहे, ‘पण स्वतःच्या मुलाबद्दल चारचौघांत इतके वाईट सांगायचे तरी कसे?’

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणारी थेरपिस्ट आहे आणि बारा वर्षांहून अधिक काळ मेलबर्नमध्ये मुलांसोबत काम करते आहे. पालकांच्या बाजूने अशा अनेक मीटिंगना बसले आहे, त्यांत मराठी घरेही पुष्कळ होती. म्हणून कागदपत्रांच्या आधी तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी लिहिते. कागदपत्रांची अडचण दोन आठवड्यांत सुटू शकते. या वाक्यामागच्या संकोचामुळे मात्र गरज असूनही फंडिंग हातचे जाते, हे मी वारंवार पाहिले आहे.

आपल्याकडे मुलाची उणीदुणी बाहेर काढायची नाहीत, जे आहे ते घरात निभावून न्यायचे, असे वळण लहानपणापासून लागलेले असते. त्यामुळे ‘घरी कसे चालले आहे?’ असे कोणी विचारले की ‘तसा तो खूप गुणी आहे, आम्ही सांभाळून घेतो’ हे उत्तर आपोआप तोंडी येते. ते खोटे नसते आणि त्यात माया असते. परंतु समोरची व्यक्ती ते ऐकून ‘कुटुंबाकडून पुरेसा आधार उपलब्ध आहे’ एवढीच नोंद करते. त्या नोंदीत तुमची माया उतरत नाही आणि तुमचे कष्टही उतरत नाहीत.

यामागे एक व्यवस्थेची गोष्ट आहे आणि ती अनेक पालकांना ठाऊक नसते. तुमच्या मुलाच्या वयाच्या बहुतेक मुलांची मीटिंग लोकल एरिया कोऑर्डिनेटर, म्हणजे एलएसी घेतो. तो माहिती गोळा करतो, पण प्लॅन मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो निर्णय एनडीआयएमधील, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या सरकारी संस्थेतील, अधिकृत अधिकारी घेतो. त्या अधिकाऱ्याने तुमच्या मुलाला कधी पाहिलेले नसते आणि बहुधा पाहणारही नसतो. त्याच्यासमोर असतात फक्त एलएसीच्या नोंदी आणि तुम्ही जोडलेले रिपोर्ट. मीटिंगमध्ये एलएसी कितीही समजूतदारपणे मान डोलावत असला, तरी जे कागदावर आले नाही ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा मीटिंगची तयारी म्हणजे बोलण्याची तयारी कमी आणि घरातले रोजचे आयुष्य, ज्याने ते पाहिलेले नाही त्याला दिसेल अशा रीतीने कागदावर आणण्याची तयारी जास्त.

हे मी एका घरातल्या प्रसंगावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ‘मुलगा स्वतः कपडे घालतो का?’ या प्रश्नाला वडिलांनी ‘हो’ असे उत्तर दिले होते. नंतर मी एका सकाळी सात वाजता त्यांच्या घरी गेले. आईने पलंगावर कपडे ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने मांडले होते: आधी बनियन, मग टी-शर्ट, मग पँट, शेवटी मोजे, आणि मोज्यांची शिवण टोचते म्हणून ते उलटे करून ठेवलेले. ती शेजारी उभी राहून प्रत्येक पायरी सांगत होती, ‘हात घाल. दुसरा हात. आता खाली ओढ.’ दोनदा तो मध्येच उठून खिडकीशी गेला, दोनदा तिने त्याला परत आणले. बेचाळीस मिनिटे लागली. त्या काळात वडील डबे भरत होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मुलगा खरोखरच ‘स्वतः’ कपडे घालत होता. फॉर्मवरचा ‘हो’ आणि ही बेचाळीस मिनिटे यांच्यातले अंतर दाखवणे हीच तुमची तयारी आहे.

म्हणून पहिले काम असे करा, आणि ते आज रात्रीच सुरू करा. एक वही घ्या आणि सलग सात दिवसांची नोंद ठेवा. त्यात शनिवार-रविवार आणि किमान दोन रात्री असू द्या. काय झाले, कोणी मदत केली, ती मदत म्हणजे नेमके काय, किती मिनिटे, आणि मदत केली नसती तर काय झाले असते, एवढे पुरे. शब्दाने आठवण करून देणे, हाताला धरून करवून घेणे आणि त्याच्याऐवजी आपणच करून टाकणे या तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत. त्या वेगळ्या लिहा. वही मराठीत लिहिली तरी चालेल, किंबहुना मराठीतच लिहा. ज्या भाषेत आपण दमतो त्याच भाषेत ते खरे लिहिले जाते. भाषांतर नंतर करता येते. मीटिंगमध्ये या सात दिवसांचा एक पानी गोषवारा द्या.

या नोंदी करताना अतिशयोक्ती करू नका, असेही तितक्याच आग्रहाने सांगते. सर्वांत वाईट दिवस सांगायलाच हवा, पण तो किती वेळा येतो हेही सोबत सांगा. ‘तो घरातून पळून जातो’ या वाक्यापेक्षा ‘गेल्या तीन महिन्यांत दोनदा पुढचे दार उघडून रस्त्यावर गेला, एकदा शेजाऱ्यांनी परत आणले, तेव्हापासून दाराला वरच्या बाजूला कडी लावली आहे’ हे वाक्य अधिक वजनदार आहे, कारण ते तपासता येते. चांगले दिवसही लिहा. चांगला दिवस कशामुळे चांगला गेला हे त्यातून कळते, आणि बहुतेक वेळा त्यामागे कोणाची तरी पूर्ण दिवसाची हजेरी असते.

आता सासूबाईंविषयी, कारण माझ्या मते तुमच्या प्रकरणात हा सर्वांत नाजूक मुद्दा आहे. एखादी मदत ‘वाजवी आणि आवश्यक’ आहे का, हे ठरवताना कुटुंबाकडून आणि जवळच्या लोकांकडून काय अपेक्षा ठेवणे वाजवी आहे, हे कायद्यानुसार पाहिले जाते. मीटिंगमध्ये तुम्ही सहज म्हणालात की ‘शाळेतून आल्यावर आजी असतात,’ तर दुपारी तीन ते सहा हा वेळ भरून निघाला असे धरले जाऊ शकते. प्रत्यक्षात त्या व्हिजिटर व्हिसावर आल्या आहेत आणि ठरल्या तारखेला परत जाणार आहेत. त्या कधी आल्या, कधी जाणार, इथे असताना त्या नेमके काय करतात, काय करू शकत नाहीत, आणि त्या येण्यापूर्वी तो वेळ कसा निभावला जात होता, हे सगळे लेखी द्या. परतीच्या तिकिटाची प्रत जोडली तर उत्तम. वाढत्या अंगाचा अकरा वर्षांचा मुलगा रस्त्यावर धावला, तर सत्तरीच्या आसपासची आजी त्याला धरू शकत नाही, हे लिहिण्यात त्यांचा अनादर नाही. त्यांना आधी विश्वासात घेऊन सांगा, म्हणजे मीटिंगच्या दिवशी मागून ‘मी बघते ना त्याचे सगळे’ असा प्रेमळ आवाज येणार नाही.

हेच मोठ्या मुलीबाबत. अकरा वर्षांच्या कोणत्याही मुलाच्या आईवडिलांकडून जी देखरेख अपेक्षित असते, ती एनडीआयएस तुमच्याकडूनही अपेक्षित धरणार, आणि ते योग्यच आहे. त्या वयाचा दुसरा मुलगा एकटा दात घासतो, आंघोळ करतो, तासभर स्वतःचा स्वतः रमतो. तुमच्या मुलाला त्यापलीकडे जी मदत लागते तेवढीच मोजली जाते. तुलना नेहमी त्याच वयाच्या मुलाशी करा. पण चौदा-पंधरा वर्षांच्या बहिणीने रोज संध्याकाळी भावाला सांभाळणे, त्यासाठी मैत्रिणींकडे न जाणे, हे ‘वाजवी अपेक्षे’त बसत नाही. तुम्ही दोघांनी मिळून एक-दीड पानाचे पालकांचे निवेदन लिहा: तुमची झोप, कामाचे कमी केलेले तास, पाठदुखी, मुलीचा अभ्यास, आणि सध्याची घडी आणखी किती काळ टिकेल. एक अडचणीचा प्रश्न हमखास येतो, ‘तुम्हा दोघांपैकी एक जण आजारी पडला तर?’ त्याचे प्रामाणिक उत्तर आधीच लिहून ठेवा.

रिपोर्टबाबत सर्वच परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ओटीचा संपूर्ण कार्यक्षमता-मूल्यांकन रिपोर्ट (मुलाला रोजची कोणती कामे किती जमतात याची तपासणी) असेल तर सर्वांत भक्कम, पण तीन आठवड्यांत नवीन रिपोर्ट मिळणे बहुधा शक्य नाही. शिवाय तो खर्च तुमच्याच प्लॅनमधून होतो. ओटीच्या तासाच्या दराची कमाल मर्यादा २०२५-२६ मध्ये १९३.९९ डॉलर होती. आठ तासांचे काम धरले तरी साडेपंधराशे डॉलर होतात. तुमच्याकडे वर्ष-दीड वर्षाच्या आतला रिपोर्ट असेल, तर नवीन मागण्यापेक्षा सध्याच्या थेरपिस्टकडून दोन पानी पूरक पत्र मागा. त्या पत्रात मागच्या प्लॅनमध्ये काय काम झाले, त्यातून काय साधले, काय अजून राहिले, पुढे किती तास आणि किती वेळा थेरपी हवी, आणि ती न मिळाल्यास काय होईल, एवढ्या गोष्टी स्पष्ट असाव्यात. रिपोर्ट जुना असेल आणि मुलगा मधल्या काळात बराच बदलला असेल, तर मात्र नवीन मूल्यांकनाला पर्याय नाही. तशा वेळी मीटिंग थोडी पुढे ढकलण्याची विनंती करण्यात काही गैर नाही.

इथे मी माझीच एक चूक सांगते, कारण ती मला अजून खुपते. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीच्या रिपोर्टमध्ये ‘स्वतःच्या देखभालीसाठी बराच आधार लागतो’ असे लिहिले आणि नेमके तास लिहिले नाहीत. मला वाटले, वाचणाऱ्याला कळेल. तिच्या फंडिंगचा तो भाग जवळपास निम्म्यावर आला आणि घरच्यांना महिनोन्‌महिने ओढाताण सोसावी लागली. तेव्हापासून ‘बराच’, ‘खूप’, ‘नेहमी’ हे शब्द मी माझ्या रिपोर्टमधून काढून टाकले आहेत. तुमच्या थेरपिस्टच्या पत्रात ते दिसले तर अवघडू नका. आकडा घालायला सांगा.

निदानाचा उल्लेख पत्रात असावाच, पण फक्त निदानावर फंडिंग मिळत नाही. हालचाल, संवाद, लोकांत मिसळणे, शिकणे, स्वतःची देखभाल आणि स्वतःचे निर्णय-व्यवहार सांभाळणे या सहा बाबींत दिव्यांगत्वामुळे प्रत्यक्ष काय अडते, ते पाहिले जाते. तुमच्या सात दिवसांच्या नोंदी याच सहा बाबींखाली लावल्या, तर एलएसीचे काम सोपे होईल आणि तुमचे म्हणणे जसेच्या तसे पुढे जाण्याची शक्यता वाढेल.

मागच्या वेळी फंडिंग कमी का झाले, याचा एक संभाव्य धागा तुमच्याच लिहिण्यात आहे. स्पीच थेरपीसाठी सात महिने प्रतीक्षायादीत होतो आणि त्यामुळे पैसे शिल्लक राहिले, असे तुम्ही ओझरते म्हटले आहे. शिल्लक रकमेचे कारण लेखी दिले नाही, तर ‘गरज नव्हती’ असा अर्थ सहज निघतो. या वेळी प्रत्येक न वापरलेल्या रकमेपुढे एक ओळ लिहा: कोणाकडे नाव नोंदवले, केव्हा, उत्तर काय आले. प्रतीक्षायादीचे ईमेल असतील तर जोडा.

उद्दिष्टे ठरवताना अनेक जण मोठमोठी वाक्ये लिहितात. जास्त किंवा मोठी उद्दिष्टे लिहिली म्हणून जास्त फंडिंग मिळत नाही. तुमच्या मुलाच्या आयुष्यात जे खरोखर हवे आहे तेच लिहा, आणि ते आपल्या संस्कृतीतले असले तरी लाजू नका. मी ज्या मुलांसोबत काम केले त्यांतल्या एकाचे उद्दिष्ट होते, ‘मंडळाच्या गणपतीच्या आरतीला कुटुंबासोबत थांबणे.’ त्याआधी तीन वर्षे ते कुटुंब दर्शन घेऊन झांजा वाजायच्या आत निघून जात असे, आणि शेवटी एकाने मुलाजवळ घरी थांबायचे असे ठरून गेले होते. या एका वाक्यामागे आवाज रोखणारे हेडफोन, गर्दीची हळूहळू सवय लावणारी थेरपी, ‘मला बाहेर जायचे आहे’ हे चित्रकार्डाने सांगायला शिकणे आणि सोबत सपोर्ट वर्कर, एवढे सगळे होते. समाजात सहभागी होणे हा योजनेचा गाभा आहे, आणि तुमचा समाज कोणता हे तुम्हीच सांगायचे असते.

काय मागू नये, हे थोडक्यात. शाळेतले शिकवणे आणि वर्गातला मदतनीस ही शाळेची जबाबदारी मानली जाते. डॉक्टरांचे उपचार आणि औषधे आरोग्यव्यवस्थेकडे जातात. घरखर्च आणि सुट्टीतला प्रवास यांना फंडिंग नाही. ३ ऑक्टोबर २०२४ पासून कोणत्या गोष्टी एनडीआयएसच्या मदतीत बसतात आणि कोणत्या नाहीत याच्या याद्याच लागू झाल्या आहेत. त्या मीटिंगपूर्वी एकदा वाचा, म्हणजे मीटिंगमधला मोलाचा वेळ न मिळणाऱ्या गोष्टीवर जाणार नाही.

शाळेच्या सुट्ट्यांचा विषय मात्र तुम्ही स्वतःहून काढा, कारण तो हमखास राहून जातो. १९ मे २०२५ पासून नव्या प्लॅनमधली रक्कम एकदम हाती न येता ठरावीक कालावधींत, बहुधा तीन-तीन महिन्यांनी, उपलब्ध होते. एका कालावधीत उरलेली रक्कम त्याच प्लॅनच्या पुढच्या कालावधीत वापरता येते, पण पुढची रक्कम आधी उचलता येत नाही. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत शाळा बंद असतात आणि तुमच्या दोघांच्या रजा त्याला पुरत नाहीत, म्हणजे तुमची गरज वर्षभर सारखी नाही. कोणत्या महिन्यांत सपोर्ट वर्करचे किती तास वाढतात, ते कॅलेंडरवर खूण करून दाखवा. त्या सुट्टीत भारतात जाण्याचा विचार असेल, तर सहा आठवड्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास प्लॅन स्थगित होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

मीटिंगमध्ये तुम्हाला इंग्रजी येते म्हणून दुभाषी नको, असे ठरवू नका. कार्यालयीन इंग्रजी वेगळे आणि मुलाच्या रात्रींविषयी बोलताना लागणारी भाषा वेगळी. दुभाष्याची सोय विनामूल्य आहे. ती आधीच कळवा, आणि ‘हिंदी चालेल का?’ असे विचारले तर मराठीच हवी असे सांगा. मुलीला दुभाषी म्हणून बसवू नका. आईने आपल्या थकव्याविषयी जे बोलायचे ते मुलीच्या तोंडून वदवून घेणे दोघींवरही अन्याय आहे.

मुलाने मीटिंगला यावे का, हेही तुम्ही विचारले आहे. त्याने सुरुवातीची दहा मिनिटे यावे असे मला वाटते. त्याला काय आवडते, ते त्याने स्वतः फोटोंतून दाखवावे: पोहण्याचा तलाव, ट्रेन, आजीच्या हातची पोळी, जे काही असेल ते. मग त्याला दुसऱ्या खोलीत कोणाबरोबर तरी जाऊ द्या, आणि त्यानंतरच कठीण गोष्टी बोला. बोलता न येणाऱ्या मुलाला ऐकूही येत नाही असे समजून त्याच्यादेखत सगळे बोलले जाते, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिले आहे. चारचौघांत वाईट कसे सांगायचे, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर इथेच आहे. त्याच्याविषयी वाईट बोलायचे नाहीच. ‘तो हट्टी आहे, मारतो’ असे म्हणू नका. ‘खोलीत आवाज वाढला की त्याला सहन होत नाही, आणि शब्द नसल्यामुळे तो हात उगारतो, त्या वेळी दोन मोठी माणसे लागतात’ असे म्हणा. या वाक्यात त्याचा मानही राहतो आणि गरजही पूर्ण सांगितली जाते.

मीटिंग संपताना एलएसीचे नाव आणि ईमेल लिहून घ्या, आणि शक्य झाल्यास त्याच संध्याकाळी एक ईमेल पाठवा: आज आम्ही हे सांगितले, ही कागदपत्रे दिली, हे मागितले. नोंदींत काही सुटले असेल, तर हा ईमेल तुमचा पुरावा राहतो.

प्लॅन हाती आल्यावर तो त्याच आठवड्यात बसून वाचा आणि तुमच्या मागणीशी ताडून पाहा. पटला नाही तर अंतर्गत पुनरावलोकनासाठी, म्हणजे एनडीआयएनेच तो निर्णय पुन्हा तपासावा यासाठी, निर्णय मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. त्यानंतरही समाधान झाले नाही तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे जाता येते. ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या एएटीच्या (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनल) जागी ते आले आहे. मागच्या वेळी ‘कोणी नीट सांगितले नाही’ म्हणून तुम्ही गप्प बसलात आणि मुदत उलटून गेली, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. या वेळी प्लॅन आला की त्याच दिवशी कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा, आणि तिच्या सहा आठवडे आधी थेरपिस्टला कळवण्याची दुसरी तारीख लिहा, कारण पुनरावलोकनासाठी पूरक पत्र लागले तर ते तयार व्हायला तेवढा वेळ जातोच.